टिकटिकमामा आणि दाराची स्प्रिंग

माझा मामा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळी गल्ली त्याला टिकटिकमामा म्हणायची. घराच्या गॅरेजमध्ये गाडी कधी नव्हतीच. तिथे त्याचं टेबल, दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतभर लोकांची घड्याळं. आईबाबा गेल्यावर मी त्याच्याकडेच वाढले. तेव्हा त्याच्यावर चिडायचा मला हक्क आहे आणि मी तो बजावणार आहे.

गॅरेजचं दार पत्र्याचं, वर सरकणारं. दाराच्या माथ्यावर आडव्या दांड्याला एक जाडजूड स्प्रिंग. तिच्या ताणावर दाराचं सगळं वजन तोललेलं. एका सोमवारी दार तिरकं होऊन कुरकुरायला लागलं. दार दुरुस्त करणारा फोनवर म्हणाला, गुरुवारी येतो, तोवर स्प्रिंगला हात लावू नका. झालं! मामाला तेवढंच पुरलं. मनगटावरची असो की दारावरची, स्प्रिंग ती स्प्रिंग, आणि स्प्रिंगा सोडवण्यात त्याचे केस पिकलेले. घड्याळाचे भाग सुटे करण्याआधी चावी दोन बोटांत धरायची, स्प्रिंगला अडवून धरणारी आतली अडकण बाजूला करायची आणि चावी बोटांतून हळूहळू सरकू द्यायची, म्हणजे ताण उतरतो. पकड वापरायची नाही, हातमोजे घालायचे नाहीत. किती सोडायचं ते स्प्रिंगच सांगते, आपण बोटांनी ऐकायचं, हे मी त्याच्याकडून हजारदा ऐकलं होतं.

मामीने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. काम करताना जवळ कुणी श्वास घेतलेलाही त्याला खपायचा नाही, म्हणून मंगळवारी दुपारी त्याने आम्हा दोघींना बाहेर काढलं आणि दार खाली ओढलं. गॅरेजला दुसरं दार नव्हतं. स्प्रिंगच्या टोकाशी असलेल्या कड्याच्या भोकांत घालून तिचा ताण सोडवायला लोखंडी सळई मीच शोधून दिली होती, हेही आत्ताच सांगून टाकते.

आधी स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग पान्याचा. मग खाडकन काहीतरी सुटलं आणि भिंतीवरच्या काचा फुटल्या. मामा ओरडला नाही.

"अहो," मामी म्हणाली. "अहो, बोला ना काहीतरी."

आतून आवाज आला, "माझा हात गेला गं."

आम्ही दोघींनी दार उचललं. स्प्रिंगचा आधार गेलेला, ते वीतभर वर आलं आणि धाडकन खाली बसलं. तेवढ्या फटीतून मला त्याची चप्पल दिसली, आणि रक्त. मामी फटीत बोटं घालून ओढायला लागली. मी तिच्या हातांवर मारलं, अक्षरशः मारलं, नाहीतर तिचीही बोटं गेली असती. मग मी गल्लीत धावत सुटले, जे दार दिसेल त्यावर थापा मारत. समोरचा ड्रायव्हर आला, शिंपीणकाकू आली, आणखी दोघे आले. तोवर मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवतही नाही. आतून मामाचं कण्हणं यायचं आणि त्यामागे सगळ्या घड्याळांची टिकटिक. इतका राग मला कधी कुठल्या आवाजाचा आला नव्हता. शेवटी पाच जणांनी दार उचललं, खाली खुर्ची सरकवली आणि ड्रायव्हर रांगत आत गेला.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली.

गुरुवारी सकाळी मामा दवाखान्यातून घरी आला, आणि ठरल्याप्रमाणे तो दारवालाही. त्याच्याकडे दोन सळया होत्या. एक पुढच्या भोकात घट्ट बसल्याशिवाय तो दुसरी काढत नव्हता, आणि कुठलीही बोटांतून सरकू देत नव्हता. मामा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बघत होता. "एकाच सळईवर सोडायला गेलो मी," एवढंच म्हणाला.

दारवाला गेल्यावर मामाने मामीचं मनगटी घड्याळ डाव्या हाताने माझ्यापुढे धरलं. लग्नापासून रोज सकाळी चहाच्या वेळी तोच त्याला चावी द्यायचा. ते बुधवारीच बंद पडलं होतं.

"तू दे," तो म्हणाला. "घाई नको. कुठे थांबायचं ते स्प्रिंगच सांगेल."

मी चावी फिरवत गेले. बोटांना नुसती खरखर लागत होती. अजून थोडी फिरवली, मग स्प्रिंग तुटेल या भीतीने थांबले.

"मला काहीच कळत नाही, मामा."

त्याने घड्याळ कानाशी धरलं. ते चालू झालं होतं. तरी त्याचे डोळे भरून आले.

"मग आता स्प्रिंग कुणाला सांगणार?" तो म्हणाला.