उलटा न बसणारा जोड

वहिनींच्या हाती वायर आली की त्या आधी ती ओढून बघत. पाहुण्यांच्या घरच्या टेबलफॅनची असो, नाहीतर आमच्या वायरलेस सेटची. निसटली, तर तशीच मालकाच्या हातात देऊन म्हणत, "हे जोडलेलं न्हाय, नुसतं ठेवलंय."

हौशी रेडिओचा परवाना त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या रेडिओच्या गटातल्या आप्पांचा. वहिनींनी माईक कधी हातात धरला नाही. पण कोडोलीत त्यांच्या वडिलांचं ट्रॅक्टर वायरिंगचं दुकान होतं आणि लग्नाआधी त्या तिथं काम करत. शाहूपुरीतल्या घरी आप्पा सेटवर गप्पा मारत बसले, की वहिनी शेजारी फरशीवर बसून बॅटरीच्या वायरींना पकडीनं धातूची टोकं दाबून बसवत. मी एकदा सोल्डरचा मोठा गोळा घालून जोड पक्का करत होतो. "भावजी, तिथं वायर ताठ हुती आन् शेजारीच मोडती," त्या म्हणाल्या. "नीट दाबली की बास."

नव्वदच्या दशकात आम्हा सात-आठ जणांकडे सात-आठ तऱ्हेच्या पिना होत्या. माझ्याकडे तर बॅटरीला लावायचे नुसते दातेरी चिमटे. वहिनींनी पुण्याहून लाल-काळ्या कनेक्टरची पिशवी मागवली. दोन रंगांचे तुकडे एकमेकांना चिकटून बसत, समोरच्या जोडीत घट्ट अडकत आणि उलटे बसतच नसत. "सगळ्यांनी ह्योच लावा," त्या म्हणाल्या. "सेट कितीबी भारी असूदे, जीव त्याच्या जोडात असतोय." आम्ही माना डोलावल्या. माझं चिमट्यांवर भागत होतं, म्हणून मी टाळत राहिलो.

पुढं काही वर्षांनी पंचगंगेला मोठा पूर आला. फोन बंद, वीज बंद. आप्पा सेट घेऊन नावेतून एका वेढलेल्या गावात गेले. मी शहरातल्या शाळेत माझा सेट लावून बसलो. नावा कुठं पाठवायच्या ते माझ्याकडून कळायचं. दुपारी कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि चिमटे निघाले. मी घाईत परत लावले ते उलटे, लालच्या जागी काळा. जळका वास आला आणि सेट गप्प झाला. दुसरा सेट आणून लावेपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

त्या चाळीस मिनिटांत आप्पा मला हाका मारत होते. छातीत कळ आली होती. नाव पोचली तेव्हा ते बोलत होते. दवाखान्याच्या वाटेवर गेले. वेळेत आणले असते तर वाचले असते का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

वहिनींनी मला एकच विचारलं. "सेट का बंद पडला?"

मी खरं ते सांगितलं. त्या आत निघून गेल्या.

महिन्याभरानं त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात पक्कड आणि ती पिशवी. आत आल्या, चिमटे कापून टाकले, कनेक्टर बसवला, ओढून बघितला. चहाही घेतला नाही. मग एकेक करत सगळ्यांच्या घरी गेल्या. त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. गॅस सिलिंडर, लाइटबिल, लेकीच्या लग्नाची धावपळ, जे असेल ते. आप्पांचा विषय कधी निघाला नाही.

शेवटी त्या आजऱ्याला लेकीकडे राहायला गेल्या. हात इतके कापत, की पेला धरवेना. मी भेटायला गेलो, तेव्हा लेक स्वयंपाकघरात होती.

"त्या दिशी मी तुमच्याकडं पक्कड घिऊन आलतो," त्या म्हणाल्या, "ते तुमाला माफ करायला न्हाय. दुसऱ्या कुणाच्या घरात असं हुऊ नये म्हणून."

"मला ठाऊक होतं, वहिनी."

"मग इतकी वर्षं का येत ऱ्हायला?"

"आप्पा नव्हते म्हणून."

वहिनी लेकीला हाक मारून म्हणाल्या, "भावजींना जेवायला वाढ."

पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. मला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. माझीही विचारायची छाती झाली नाही.