मलिकाचाचींचं चायनाचं जहाज

आमच्या गावात, गंगावेशीच्या चौकात म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून ग्लासात देतात. तिथंही आमच्या शेजारच्या मलिकाचाची आधी ग्लास उलटा करून बघणार, तळाशी पाणी तर नाही ना! कपडे शिवून त्यांनी संसार ओढला, पण गिऱ्हाइकानं आणलेलं कापड त्याच्यासमोरच मोजल्याशिवाय हातात घेत नाहीत. मी उसनी साखर परत केली तर चिमूटभर चाखून बघतात. मला याचा मनस्वी राग येतो. इतक्या वर्षांच्या शेजारात मी काय रवा देणार आहे?

त्यांच्या घरात शिडाच्या जहाजाचं एक जुनं तैलचित्र आहे. चाचींच्या वडिलांचे आजोबा तरुणपणी घरातून नाहीसे झाले आणि कैक वर्षांनी हे चित्र काखोटीला मारून परतले. म्हणाले, जहाजावर खलाशी होतो, चीनपर्यंत जाऊन आलो. भाऊबंदांनी ठरवून टाकलं, गडी तुरुंगात होता. तेव्हापासून या घराला ‘जहाजवाले’ म्हणतात, ते चिडवायला. चाचींचा चुलतभाऊ मुजम्मिल तर प्रत्येक लग्नात विचारणार, "काय आपा, रंकाळ्याच्या तळ्यात लावलंय न्हवं जहाज?"

‘आजोबा खरंच चीनला गेले होते,’ असं सांगत चाचींचे अब्बा ही चेष्टा ऐकतच गेले. ते खरं बोलत होते की नाही, एवढं मरायच्या आत कळावं, ही चाचींची एकच इच्छा. पण चित्र दाखवायचं कुणाला? जाणकार म्हणजे त्यांच्या लेखी चोरच.

यंदा चित्राला बुरशी धरली, तेव्हा नाइलाज झाला. माझी भाची अनुजा जुनी चित्रं दुरुस्त करते. ती आली. चाचींनी दाराला आतून कडी घातली आणि तिच्या पाठीशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. अनुजानं शिडं, लाटा, मागची लाकडी पट्टी, सगळं निरखलं आणि खुशीत म्हणाली, "चाची, हे तर चायनाचं आहे!"

आमच्याकडे चायना हा काही देश नव्हे. चार दिवसांत बंद पडणारं खेळणं चायनाचं, पहिल्याच धुण्यात रंग जाणारी ओढणी चायनाची. चाचींचं तोंड उतरलं. त्यांनी चित्रावर चादर टाकली.

"म्हंजे डुप्लिकेट. आता मुजम्मिलचं तोंड बंद व्हायचं न्हाय. जावा तुम्ही."

मी अनुजावर ओरडले, "अगं, चीन म्हण की, चीन!"

मग अनुजानं नीट समजावलं. चीनच्या बंदरांत तिथले चित्रकार परदेशी जहाजांची अशी चित्रं काढत आणि जहाजावरचे लोक ती विकत घेऊन घरी नेत. हे त्यातलंच, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं तरी असेल.

"विकत मागणार हाईस व्हय, म्हणून गोड बोलतीस?"

"नाही हो. साफ करून इथंच परत लावणार."

चाची रडायला लागल्या. पण पदरानं डोळे पुसता पुसता त्यांनी ते पुन्हा बारीक केले.

"थांब. चित्र चीनचं, कबूल. पण म्हाताऱ्यानं ते मुंबईच्या बाजारातनं उचललं नसंल कशावरनं?"

अनुजा गडबडली. "ते कसं कळणार, चाची?"

चाचींनी चित्रावरची चादर ओढून काढली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "सगळी दुनिया तपासून बघितली मी. अब्बांचा शब्द न्हाय तपासायचा."

आणि मला म्हणाल्या, मुजम्मिलला फोन लाव.