पट्टी उतरवून गाणारा जयवंत

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात बोटांच्या व्यायामासाठी बसलो होतो. हातात रबरी चेंडू होता. मुक्ता म्हणजे जयवंताची मुलगी. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला, छातीत जड वाटतंय म्हणाले, आणि कराडला पोचेपर्यंत..." मग तीच मला सांभाळून घेत म्हणाली, "सावकाश या. स्वतः गाडी चालवू नका." फोन ठेवल्यावरही मी तो चेंडू दाबतच राहिलो. शेवटी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

जयवंत कराडजवळच्या एका गावात ऊस करायचा आणि अडुसष्टाव्या वर्षीही रॉक गायचा. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की लोक हसतात. त्याला ते माहीत होतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. त्याचे वडील फौजेत सुभेदार. त्यांची बदली शिलाँगला झाली तेव्हा जयवंत नऊ-दहा वर्षांचा असेल. त्या गावात घरोघरी गिटार. शेजारच्या पोरांचं पाहून पाहून हा शिकला. पुढे कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आला तो खांद्यावर गिटार घेऊन आणि तोंडात घरचीच भाषा ठेवून. मी मेसच्या टेबलावर बोटांनी ठेका धरून बसलो होतो, तर समोर येऊन उभा राहिला. "तबला वाजवतोस व्हय रं? मग ड्रम बी वाजवशील. बसूनच वाजवायचं असतंय, फकस्त जोरात." ड्रम आणायचे कुठून? गावातल्या लग्नाच्या बँडवाल्यांकडून मोठा ढोल आणि झांजा मागून आणल्या, लोखंडी स्टुलांवर बांधल्या, आणि मी ड्रमर झालो. सांगलीचा सदानंद, आमचा सदा, पेटी वाजवायचा. त्याला जयवंतानं बेस गिटार शिकवली. तिघांचा बँड म्हणून नाव ठेवलं 'तिकटी'. आमच्याकडं तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्याचा आवाज ज्यांनी ऐकला, ते अजून त्याबद्दल बोलतात. वरच्या सुरांवर बाकीचे गायक जेमतेम हात लावून परत येतात. हा तिथं मुक्काम करायचा. आमचं एक गाणं होतं, आम्हीच केलेलं, इंग्रजी शब्दांचं. त्याच्या शेवटी तो एक सूर लावायचा आणि इतका वेळ धरायचा की माझे हात दुखायला लागायचे. पुढे तो मुंबईला गेला, हॉटेलांमधून चार वर्षं वाजवलं. मग सुभेदारांना अर्धांगवायू झाला आणि हा परत आला. कुणी बोलावलं नव्हतं. "आलो," एवढंच म्हणाला. सुलभावहिनींशी लग्न झालं. त्या माणमधल्या, दहिवडीकडच्या. पाण्याची टंचाई बघत वाढलेल्या. उसाला सोडलेलं पाणी पाहून पहिल्या वर्षी त्या बांधावर नुसत्या उभ्या राहायच्या, असं तो सांगायचा. मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीत गावोगाव फिरलो, सदानं सांगलीत विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. तिकटीचे तीन रस्ते तीन दिशांना गेले, आणि पस्तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या मुलांच्या लग्नात भेटत राहिलो.

रॉक ही तरुण माणसाची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं. पुण्यात एकदा परदेशातला एक जुना बँड आला. आमच्या तरुणपणी ज्यांच्या कॅसेटी आम्ही झिजवल्या, ते लोक. सगळे सत्तरी ओलांडलेले. आम्ही तिघं गेलो. मुख्य गायकाचा आवाज चिरकत होता. जिथं तो पूर्वी उडी मारून पोचायचा, तिथं आता लोकांकडे माइक करत होता आणि लोकच गात होते. मला वाईट वाटलं. परतताना गाडीत मी म्हणालो, "यांनी वेळेवर थांबायला हवं होतं. आवाज गेलाय त्याचा." जयवंत मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपलाय. "गेला न्हाई रं," तो म्हणाला. "खाली बसलाय. आणि त्या तिसऱ्या गाण्यात तो हळू गायला, ते ऐकलंस का तू? विशीत त्याला ते गाता आलं नसतं. तवा त्याला नुसतं वरडता येत हुतं." मी वाद घातला. सदा गाडी चालवत राहिला. खंबाटकी घाट उतरेपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

त्यानंतर वर्षभरानं कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. तिकटीनं दोन गाणी वाजवावीत. मी नको म्हणालो, सदा बघू म्हणाला, आणि जयवंतानं परस्पर होकार कळवून टाकला. त्याच्या शेतात एक बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. तिथं तालीम सुरू झाली. भिंतींना अजून गुळाचा वास होता. जुनं गाणं काढलं आणि पहिल्याच दिवशी शेवटच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी सांगितलं, "एखादा तरुण गायक घेऊ. तू गिटार वाजव. नाहीतर तो सूर आधी रेकॉर्ड करून मागून लावू, सगळे तेच करतात." त्यानं मानेनंच नकार दिला. मी आणखी बोललो. जे बोलायला नको होतं ते बोललो, "हसं होईल जयवंता, तुझं आणि आमचंही." त्यानं गिटार खाली ठेवली. "तुला माझ्या गळ्याची काळजी न्हाई बाळ्या," तो म्हणाला. "तुझ्या हाताची हाय."

मी उठून सरळ साताऱ्याला आलो, आणि तीन आठवडे गेलो नाही.

त्याचं म्हणणं खरं होतं. दोन वर्षांपासून माझी बोटं आखडत होती. जलद ठेका धरला की उजव्या हातातली काठी सुटायची. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. चौथ्या आठवड्यात एका दुपारी तो एसटीनं आला, दारात चपला काढल्या, आणि आत येऊन म्हणाला, "दाखव हात." मी दाखवले. त्यानं एकेक बोट धरून वाकवून पाहिलं. बैलाचा पाय बघावा तसं. "किती दिवस झालं?" मी सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला लाज वाटली. तो म्हणाला, "लाजतोस काय गड्या, मला बी रोज सकाळी आवाज येतोय का न्हाई बघावं लागतंय. आपण त्या पोरांचं गाणं वाजवतोय ना, त्येचा तरास हाय ह्यो. ते तिघं आपण न्हाई आता." मग त्यानं पिशवीतून वही काढली. जुन्या गाण्याची पट्टी काळी पाचवरून खाली काळी दोनवर आणली होती, ठेक्याची गती निम्म्यानं कमी केली होती. आणि मागच्या पानावर एक नवं गाणं होतं. मराठीत. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मराठीत गाणं लिहिलं होतं.

पट्टी उतरवायची तर जाड तारा लावायच्या, आणि त्याच्या जुन्या गिटारीची मान तो ताण घेईना. ती घेऊन आम्ही मिरजेला सतारी बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विजेवर वाजणारी गिटार उलटी-सुलटी करून पाहिली, नाक मुरडलं, आणि आठ दिवसांनी अशी सरळ करून दिली की जयवंत दुकानातच फरशीवर बसून वाजवत बसला. सतारीला लावतात तशी हाडाची पट्टी त्यांनी तारांखाली घातली होती. तेव्हापासून त्या गिटारीतून एक बारीक झणकार यायचा. तो काढून टाकावा असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही.

मेळाव्याच्या संध्याकाळी पहिलं गाणं बिघडलं. खालच्या पट्टीतही शेवटचा सूर त्याच्या हातून निसटला. पुढच्या रांगांत आमचेच वर्गमित्र होते, ते टाळ्या वाजवत राहिले. पण मागं सध्याची मुलं उभी होती, त्यांच्यातून हसू ऐकू आलं. मी घामाघूम. जयवंत माइकपाशी गेला. "हे गाणं आम्ही विशीत केलेलं," तो म्हणाला. "ते त्या पोरांनाच शोभत हुतं. आता ह्या वयाचं ऐका." मग माझ्याकडं वळून त्यानं हातानं खूण केली, हळू. आणि नवं गाणं सुरू झालं.

हळू बोल गड्या, लय लांबनं आलोय,
वाटंत जे सांडलं ते येचत आलोय...

तो आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. तालमीतही नाही. खालचा, खरबरीत, मधेच श्वास घेण्यासाठी थांबणारा, आणि त्या थांबण्यातूनच गाणं पुढं जाणारा. वर चढायची त्याला गरजच नव्हती. मागची मुलं गप्प झाली. दुसऱ्या कडव्यानंतर माझ्या लक्षात आलं की माझी बोटं दुखत नाहीत. म्हणजे दुखत असतील, पण मला कळत नव्हतं. गाणं संपल्यावर तीन-चार मुलं स्टेजपाशी आली. त्यातल्या एकानं विचारलं, "काका, हे कुठं ऐकायला मिळंल?" जयवंत म्हणाला, "अजून कुठंच न्हाई. करतो."

आणि त्यानं केलं. पुढच्या तीन वर्षांत गुऱ्हाळात माइक लावून आम्ही सात गाणी बांधली. मुक्ता पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करते, ती सुट्टीला यायची आणि आमच्याकडून घासून घ्यायची. मी मित्र म्हणून लिहितो आहे, तरी खोटं लिहिणार नाही. सातांपैकी दोन गाणी साधारण आहेत. आणखी एक तर चक्क फसलंय; साखर कारखान्याच्या भोंग्यावरचं ते गाणं करू नको असं सदानं त्याला बजावलं होतं. पण उरलेली चार... सुलभावहिनींच्या माहेरावरचं गाणं, ज्यात मुंबईला गेलेल्या भावांची नावं एकेक करून येतात, ते वहिनींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या हातातलं काम सोडून उभ्या राहिल्या. "आवं, एवढं समदं तुमच्या ध्यानात हुतं?" एवढंच म्हणाल्या. त्या चार गाण्यांसमोर आमची विशीतली सगळी गाणी ठेवली तर ती मला कसरतीसारखी वाटतात. चांगली कसरत, पण कसरतच. पुण्याहून येताना गाडीत मी जे बोललो होतो, ते मी त्याच्यासमोर मागं घेतलं. त्यावर तो म्हणाला, "घाई करू नगंस, अजून आठवं व्हायचंय."

तेराव्यानंतर दोन आठवड्यांनी मुक्तानं मला आणि सदाला बोलावलं. आठवं गाणं अर्धं झालं होतं. बाबांनी एकट्यानं गिटार आणि आवाज मुद्रित करून ठेवलाय, ती म्हणाली. आम्ही गुऱ्हाळात बसलो. बाहेर उसाची तोड चालली होती. तिनं गाणं लावलं. दोन कडवी झाली, आणि गिटार थांबली. त्याचा आवाज आला, "हितं बाळ्या वाजवंल. मोकळं ठेवतोय." मग नुसती शांतता, आणि मागं त्याच्या पायाचा ठेका. आठ आवर्तनं तो पायानं मोजत होता. ती संपताच, गाणं पुन्हा सुरू होण्याआधी, तो मोठ्यानं म्हणाला, "आस्सं!" मी अजून वाजवलेलंच नव्हतं. त्यानं आधीच दाद देऊन ठेवली होती.

त्या दिवशी माझ्याच्यानं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी हात चालले, पण ती जागा मी गच्च भरून टाकली, विशीतल्यासारखी. सदा म्हणाला, "एवढं कशाला रे?" तिसऱ्या दिवशी दुपारी मी जयवंताच्या पायाच्या ठेक्याकडं कान देऊन वाजवलं. कमी वाजवलं. एकदा काठी निसटली तिथं तसंच मोकळं सोडलं. आठवं आवर्तन संपलं, मी हात वर घेतले, आणि कानातल्या हेडफोनमध्ये जयवंत म्हणाला, "आस्सं!"

मुक्तानं समोरून विचारलं, "काका, परत एकदा घ्यायचं?"

मी मान हलवून नको म्हणालो. त्याचं तिसरं कडवं सुरू झालं होतं.