वयाच्या डोक्यावर खापर

माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही, आणि त्याचं कारण वय नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला वेगळंच सांगायचे. "वय झालं की, चालायचंच," म्हणायचे आणि पाहुण्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवायचे. पाहुणाही मान डोलवायचा. वय बिचारं मुकं, त्याच्या डोक्यावर कुणीही खापर फोडावं. मी मुकी नाही. शाळेत पोरींना मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, आणि माझ्या जिभेला मुख्याध्यापकसुद्धा वचकून असायचे.

सुरुवात झाली ती खांद्यांपासून. एका हिवाळ्यात सकाळी जाग आली आणि कुशीवर वळताच येईना. दोन्ही खांदे, मान, कंबर, मांड्या, सगळं कुणीतरी बडवून काढल्यासारखं. गादीची कड धरून, आधी एक पाय खाली सोडून, मग दुसरा, अशी मी उठायचे. फणी धरलेला हात कानाच्या वर जाईना. झंपर घालायला यांना हाक मारावी लागायची, आणि ते बटणं चुकीच्या काजात घालायचे. आमच्यात आंघोळ झाली की डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन, हात उचलून धरून पूजा करतात. वळसंगला माहेरी असल्यापासून माझी ती पूजा चुकली नव्हती. आता हात जरा वर आला की थरथरायचा. विभूती लावायला हात कपाळाकडं न्यायचा सोडून मी कपाळच हाताकडं न्यायला लागले.

आणि दुपारपर्यंत मात्र अंग बरंच मोकळं व्हायचं. हेच माझ्या मुळावर आलं. माझी नणंद दोन गल्ल्या सोडून राहते. ती यायची जेवणाच्या सुमाराला, तेव्हा मी स्वयंपाकघरात चालत असायचे. एकदा म्हणाली, "कामाच्या वक्ताला दुखतंय आन् जेवायच्या वक्ताला बरं हुतंय. लई शानं दुखणं हाय की हे." यावर हे हसले. तिचं बोलणं मी केव्हाच सोडून दिलं, यांचं हसणं सोडलेलं नाही.

मग डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाकडं धरला आणि झीज आहे म्हणाले, या वयात असणारच. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं खांदा असा ओढला की माझ्या तोंडून शिवी गेली. तिसऱ्यानं व्हिटॅमिन दिलं. चौथ्यानं मुलगा कुठं असतो ते विचारलं, आणि पुण्याला म्हटल्यावर हा एकटेपणा आहे असं निदान करून मोकळा झाला. मी त्याला सांगितलं, मुलगा नोकरीला लागल्यापासून पुण्यातच आहे, खांदे या हिवाळ्यात धरलेत. त्यानं झोपेची गोळी लिहून दिली. ती मी त्याच्याच दवाखान्याबाहेरच्या कचऱ्यात टाकली.

शेवटी एक संधिवाताच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. बाहेरगावच्या होत्या, सोलापुरात नव्यानं आलेल्या. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि मला विचारलं, दोन्हीकडं सारखंच दुखतं का, उठल्यावर अंग सैल व्हायला किती वेळ लागतो, वजन उतरलंय का, ताप येतो का. इतकी वर्षं मी पोरींना प्रश्न विचारले, म्हणून चांगला प्रश्न मला कळतो. त्यांनी रक्त तपासायला दिलं. रक्तात सूज भरपूर निघाली. बाईंनी सरळ सांगितलं की या आजाराला बोट ठेवून दाखवता येईल अशी एक तपासणी अजून सापडलेली नाही. दुसरे संधिवात, थायरॉइड, जंतुसंसर्ग, कॅन्सर, हे सगळं एकेक करून बाद करायचं, आणि पेशंटची हकीकत नीट ऐकायची. नाव सांगितलं पॉलिमायल्जिया रुमॅटिका.

"म्हणजे वयच ना?" यांनी विचारलं.

"पन्नाशीच्या आत हा होत नाही. पण म्हणून ते वय नव्हे. हा आजार आहे, आणि याला औषध आहे," बाई म्हणाल्या.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. वाकता येत असतं तर पडलेही असते.

औषध म्हणजे स्टिरॉइडची गोळी, कमी ताकदीची. ती फार हळूहळू उतरवत न्यायची, वर्ष लागेल, कदाचित दोन. कुणाला किती द्यायची आणि केव्हा कमी करायची यावर अजून संशोधन चालू आहे, पण आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, हे नक्की. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. याच आजाराचं एक भावंड आहे म्हणाल्या, त्यात डोक्याच्या रक्तवाहिन्या सुजतात आणि डोळ्याला जाणारं रक्त तुटतं. "कानशिलात दुखलं, जेवताना जबडा दुखला, नजर अंधुक झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. गेलेली नजर परत येत नाही." हे माझ्या शेजारी, मांडीवर फाइल घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

गोळी सुरू झाल्यावर दोनतीन दिवसांतच एका सकाळी मी उठले, तोंड धुऊन आले, चहा ठेवला, आणि चहा उकळताना माझ्या ध्यानात आलं की मी कुणाला हाक मारलेली नाही. त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं अंबाडा घातला आणि आरशासमोर उभी राहून रडले. खुशाल रडले. नणंदेला मुद्दाम सकाळीच बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर वरच्या फळीवरचे डबे काढून दाखवले.

यांनाही आनंद झाला होता, नाही म्हणत नाही. पण स्टिरॉइड हा शब्द यांच्या घशात अडकला. यांचे थोरले भाऊ मैंदर्गीला असायचे. ते बाजारातल्या एका माणसाकडून वाताची पुडी घ्यायचे. वर्षानुवर्षं घेतली. पुडीनं माणूस पळायला लागायचा. मग तोंड सुजून गोल झालं, खुब्याचं हाड गेलं, आणि ते अंथरुणातच संपले. त्या पुडीत स्टिरॉइड कुटून घालत होते, हे नंतर कळलं. त्या पुडीत किती होतं ते देवाला ठाऊक, आणि माझी गोळी मोजून दिलेली, रक्त तपासून दिलेली. हा फरक मी यांना फळ्यावर लिहिल्यासारखा समजावून सांगितला. हे हूं म्हणाले. चिडले की हे कानडीत शिरतात. "साकु," म्हणाले, म्हणजे पुरे. मला वाटलं, माझं बोलणं पुरे.

गोळ्या हेच आणायचे. मार्केट यार्डात यांची भुसाराची आडत आहे, औषधाचं दुकान वाटेवरच. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी यांनी नवीनच पाकीट पुढं ठेवलं, कॅल्शियमचं. ती दुसरी गोळी कुठाय म्हणून मी विचारलं.

"बाईंना फोन लावला हुता," हे म्हणाले. "बरं वाटतंय तर आता बंद केलं तरी चालतंय म्हणाल्या."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? आडतीवर हजार पोती नुसत्या शब्दावर इकडची तिकडं होतात. यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं अख्खं यार्ड म्हणतं. त्या शब्दावर वळसंगचे आणि अक्कलकोटचे शेतकरी माल टाकून निर्धास्त घरी जातात. मीही तशीच निर्धास्त राहिले.

अंग पुन्हा धरायला लागलं. त्यात डोक्याची उजवी बाजू ठणकायला लागली. उशी टोचायची, फणी लागली तरी आग व्हायची. नणंदेनं तेल चोळून दिलं. आणि मग जबडा.

आता आमच्याकडची कडक भाकरी ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवून कडकडीत केलेली. मोडली तर शेजारच्या घरी आवाज जावा. शेंगाची चटणी, दही आणि ही भाकरी, की आमची संध्याकाळ भागली. ती चावताना जबडा दुखतो हे इथल्या पोरालाही ठाऊक. सोलापुरात कडक भाकरी खाऊन जबडा दुखतोय म्हणून कुणी दवाखान्यात गेलं तर कंपाउंडरसुद्धा हसेल. डॉक्टरीणबाईंनी जेवताना जबडा दुखला तर या म्हणून बजावलं होतं खरं, पण इथलं जेवण काय असतं ते त्यांना कुठं माहीत? त्यांच्या डोळ्यासमोर मऊ पोळी असणार. हे म्हणाले, आमटीत बुडवून खा. नणंद म्हणाली, दात बघ. दाताच्या डॉक्टरनं दाढ काढली, चांगली दाढ होती.

दाढ गेली, दुखणं तिथंच. आता आमटीभातालाही जबडा दमायला लागला. चार घास खाल्ले की थांबायचं, जरा वेळानं दुखणं विरायचं, परत चार घास. मऊ भातानं जबडा दमतो हे काही बरं लक्षण नव्हे, असं मी यांना म्हटलं. बाईंना पुन्हा फोन करा म्हटलं. हे बाहेर ओट्यावर गेले, फोन कानाला लावून उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, दाताचंच हाय म्हणाल्या.

नंतर एका सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. ताटाचा खालचा अर्धा भाग अंधुक दिसायला लागला. मला वाटलं सावली पडली. डावा डोळा झाकला तर ताटच अर्धं, दार अर्धं, हे समोर उभे तेही अर्धे, कमरेखाली नुसतं करडं. दुखत काहीच नव्हतं. मी ओरडले नाही. रिक्षा आणा म्हटलं. रिक्षात बसल्यावर उरलेलं अर्धंही विझत चाललं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, गोळी किती चालू आहे.

"तुम्हीच बंद केली की," मी म्हटलं. "फोनवर."

"मला तुमच्याकडून कुणाचाही फोन आलेला नाही."

मी यांच्याकडं वळले. हे पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते. त्या क्षणी मला डोळ्याचं दुःख झालं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग जोरदार औषध सलाइनमधून गेलं. डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच, बाईंनी आधीच सांगितल्याप्रमाणे. दवाखान्यात मी यांना एवढंच विचारलं, का. हे म्हणाले, भावाचं झालं तसं तुझं होऊ द्यायचं नव्हतं. तुला सांगून तू ऐकली नसतीस. दुसऱ्या वेळी फोन केला असता तर पहिलं उघडं पडलं असतं. खरंय, मी ऐकलं नसतं. भांडले असते, घर डोक्यावर घेतलं असतं, आणि दोन डोळ्यांनी भांडले असते. भीती वाटते म्हणून माणूस भांडतो, रुसतो, जेवायचा थांबतो. यांनी बायकोशी खोटं बोलायचं ठरवलं, आणि तेही त्या शब्दानं, ज्याच्यावर अख्खं यार्ड चालतं. भावासाठी यांचा जीव तुटला ते मला कळतं. माफ करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मी केलेली नाही.

गोळ्या आता माझ्या उशाशी असतात, आणि बाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो आणि या आजारावरचं काय काय शोधून मला मराठीत सांगतो. गोळी कमी करताना दुखणं बऱ्याच जणांत परत उसळतं, मग पुन्हा वाढवायची की नवीन इंजेक्शन द्यायचं, यावर मोठमोठी डोकी अजून वाद घालताहेत. सगळं ऐकते मी. म्हाताऱ्या बाईनं गोळीचं काय करायचं ते त्यात असतं, नवऱ्याचं काय करायचं ते अजून कुणी शोधलेलं नाही.

मध्यंतरी यांच्याकडचे पाहुणे अक्कलकोटला दर्शन घेऊन परतताना आमच्याकडं उतरले. नणंदही होती. डोळ्याची चौकशी झाली. यांनी तांब्या सरकवला आणि म्हणाले, वय झालं की.

"वयानं नाही गेला," मी म्हटलं. "माझ्या गोळ्या यांनी बंद केल्या आणि डॉक्टरांनीच सांगितलं म्हणून मला खोटं सांगितलं. म्हणून गेला."

पाहुणे बशीत बघायला लागले. चारचौघांत असं बोलतात का, असं नणंद पुटपुटली. यांनी सरकवलेला तांब्या परत आपल्याकडं ओढला. मग म्हणाले, "व्हय. खरं हाय." एवढंच. पाहुणे दुसरा चहा न घेताच उठले.

त्या दिवसापासून हे कुणाला वय सांगत नाहीत. संध्याकाळी बातम्या लागतात तेव्हा खिडकीजवळची, माझ्या डावीकडची खुर्ची यांची असायची. ती यांनी सोडली. आता माझ्या उजव्या अंगाला स्टूल घेऊन बसतात. पाठ दुखते, टेकायला काही नाही, तरी तिथंच. मला आधी वाटलं खिडकीतून वारं येतं म्हणून. पण उन्हाळा आला तरी स्टूल हललं नाही. तिकडचं मला काही दिसत नाही हे यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नुसता नाक ओढल्याचा आवाज येतो कधीकधी. मी मान वळवत नाही.