न बुजणारा खड्डा

भूत, भानामती असलं मी काही मानत नाही. आमच्याकडं कुणाच्या अंगात आलं तर आधी हसणारा मीच. म्हणून हे लिहायला धीर होत नव्हता... तरी लिहितो.

मी किनवट तालुक्यातल्या डोंगराखालच्या वस्तीवरचा. शाळा नववीतच सुटली. आता घरापासून इतक्या लांब, लातूरला, एका छोट्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे करतो. ऑफिसच्या मॅडमनी आधी चहापाण्याला ठेवलं होतं, मग शेजारी बसवून हे काम शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तरी रोज धाकधूक असतेच — आज चुकलो की उद्या घरी पाठवतील.

गेल्या पावसाळ्यात, दरड कुठं कोसळू शकते त्याचे नकाशे चालू होते. उपग्रहावरून मोजलेल्या उंचीची फाईल असते, तिला डीईएम म्हणतात. मोजणीच्या चुकीनं तिच्यात खोटे खड्डे पडतात. ते आधी बुजवायचे, मगच पाणी कुठून वाहतं ते निघतं. खड्डे बुजवणं माझ्याकडं.

एक खड्डा बुजेना. बुजवला, सेव्ह केलं, फाईल उघडली की परत तिथंच. जरा मोठाच. झूम करून बघितलं तर... आमच्या घरामागची टेकडी.

"काय करून राहिलास रे सकाळपासून?" मॅडम आल्या. त्यांनी स्वतः बुजवला. परत आला. "लई जुना डेटा आहे हा. सोड, पुढचं कर."

मला राहवेना. जिन्यात जाऊन वडलांना फोन लावला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. "अण्णा, टेकडीवर खड्डा पडलाय का, बघा की."

संध्याकाळी अण्णांचाच फोन आला. "गवत हाय नुसतं. खड्डेच दिसायलेत तर तुझ्या कॉम्प्युटरला म्हणावं, विहिरीला जागा दाखव!"

"हसू नका. टेकडी खाली आली म्हणजे? आज गावातल्या शाळेत जाऊन झोपा."

"गाय व्यायला झाली. तिला काय शाळेत नेऊ? पहिलीत नाव घालू का?"

मी फोनवरच रडायला लागलो. मागून आईचा आवाज आला, "पोरगं भ्यालंय हो. मी तरी जाते."

पहाटे टेकडी खाली आली. आई वाचली. अण्णा आणि गाय गोठ्यातच...

तेराव्यानंतर लातूरला आलो. मॅडमनी फाईल उघडली. खड्डा नव्हता. मूळ डाउनलोडमध्येही नव्हता. "मी पण बघितला होता रे..." एवढंच त्या बोलल्या. डेटा कित्येक वर्षांपूर्वीचा. त्या पावसाळ्यात सुटणारी टेकडी त्यात दिसणार कशी? जाणकार म्हणतात, सॉफ्टवेअरची गडबड. असेल. पण मग आमच्याच घरामागं का?

आई आता हदगावला मामाकडं असते. तिथं सगळं सपाट काळं रान, टेकडी औषधालाही नाही. तरी रोज दिवेलागणीला तिचा फोन येतो. "बघितलंस का रं कॉम्प्युटरवर? झोपू का हितं?"

मला काहीच दिसलेलं नसतं. मी म्हणतो, "झोप, आई."