फांदीवरचं यंत्र

गंजाडला आमच्या वाडीलगत मोबाईलचा टॉवर आहे. त्याच्या दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो आधी टॉवरला नमस्कार करी, मग गळ्यातलं छोटं यंत्र आमच्या चिकूच्या फांदीला अडकवून वर चढे.

"हे कसलं हो?" एकदा मी विचारलं.

"अँटेनाजवळ रेडिएशन जास्त झालं की वाजतं."

"मग खाली का ठेवता?"

"वर नेलं की सारखं बोंबलतं, काका. डोकं उठतं. टॉवर बंद करायला सांगितला, तर गावाचं नेटवर्क जातं आणि साहेब बोंबलतात."

मी हादरलोच. काही बोलेपर्यंत तो वर पोचून अँटेनाला छाती टेकून कामाला लागलासुद्धा. खाली यंत्राचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. आमच्या चिकूला काहीच धोका नव्हता.