ऐकवला एक, विकला दुसरा

तेलीबांध्याच्या एका दुकानदाराने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. मी फक्त भाव पाडला, आणि त्याला फसवणूक म्हणत नाहीत.

मी कूलर विकते. जुन्या कूलरची खस बदलून देण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे. मला कोणी वस्तू गळ्यात मारत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

रिसीव्हर हवा होता तो बाबांसाठी. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये त्यांची नोकरी झाली, आता कान गेलेत. कानाचं यंत्र घेऊन दिलं, तर ते यंत्र डबीत ठेवतात आणि डबीची काळजी घेतात. वर्षभरापासून आमच्याबरोबर टीव्ही बघणंही सोडलं. का, तर म्हणाले, "तुम्ही हासता, मंग मी तुमच्या तोंडाकडं पाहून हासतो. थकलो माय."

रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन पाच स्पीकरना वाटून देणारा डबा. चांगला डबा माणसांचं बोलणं वेगळं काढून मधल्या स्पीकरला देतो. एवढं मी मोबाइलवर शिकून घेतलं, आणि स्वस्तातला पण चांगला डबा शोधायला बाबांना घेऊन निघाले. निघताना बजावलं, "दुकानात कितीही आवडलं तरी तोंड उघडायचं नाही." आमच्या घरचा नियमच आहे. साडी असो, कोथिंबीर असो की जावई, घेणारा बोलला की भाव चढतो.

दुकानात एकावर एक तीन काळे डबे होते. दुकानदाराने मधल्यावर हात ठेवला आणि एक विनोदी सिनेमा लावला. बाबा हसले. कोणाच्याही तोंडाकडे न बघता, बरोब्बर वेळेवर.

"दीदी, बाबूजी तो पास हो गए!"

"बाबूजी के दाँत में दर्द है," मी म्हणाले. "भाव बोलो."

मी दोनदा उठून निघाले. दुसऱ्या वेळी स्कूटी सुरू केली, बाबांना मागे बसवलं, तेव्हा कुठे हाक आली, "आ जाइए दीदी, ले जाइए, क्या याद रखेंगी!"

याद तर राहिलीच. डबा आणि दुकानात होते तसलेच स्पीकर घरी लागले. धमाके असे की खिडक्या थरथरत, आणि माणसं मात्र पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखी. दुकानाचा कारागीर तीनदा आला, तीनदा "सेटिंग है" म्हणाला आणि तीनदा चहा पिऊन गेला. चौथ्या दिवशी बाबा डब्याकडे बघत सहज म्हणाले, "ह्या डब्याचा दिवा तिथं पेटलाच नव्हता. वरच्याचा पेटला होता."

"काय?"

"केबिनमंदी जन्म गेला माहा. कोनता दिवा पेटून राहिला, ते मले दिसत नाही का?"

"मंग तिथंच काहून नाही सांगितलं?"

"तूच त म्हणली, तोंड उघडाचं नाही."

रिमोट मी भिंतीवर फेकला. बाबांवर फेकता येत नाही.

डबा घेऊन मी दुकानात गेले. दुकानदार हसतच होता. "डेमो तो ऊपर वाले पर ही चलता है दीदी. और इस भाव में वो वाला कहाँ से दूँ? आपने पूछा कहाँ?"

आता कोणी म्हणेल, तुझ्या दुकानातल्या डेमो कूलरच्या टाकीतही बर्फ असतो. असतो. पण गिऱ्हाईकाने ज्या कूलरची हवा खाल्ली, तोच कूलर मी टेम्पोत चढवते.

डबा त्याने परत घेतलेला नाही. बाबा पुन्हा आतल्या खोलीत बसतात. आम्ही बाहेर हसलो की दार जरा लोटून घेतात. दुकानात मात्र ते स्वतःच्या कानांनी हसले होते आणि हे त्या माणसाने पाहिलं होतं. पाहूनच भाव लावला होता.

डबा मी बदलून घेईनच, त्याची मला चिंता नाही. पण त्याआधी त्याने माझ्या घरी यावं, बाबांच्या समोर बसावं आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगावं: बाबूजी, तुम्हाला हसताना बघूनही मी तो दुसरा डबा का दिला.